तीन लिटर करंज तेल

मीटर बदलायला आलेल्या मुलीने त्याच्याकडे एकदा पाहिले, मग हातातल्या यादीतल्या नावाकडे पाहिले, आणि पुन्हा त्याच्याकडे पाहून विचारले, "खैरटोलीचे तेलवाले सर ना तुमी?" आणि प्रफुलने, वर्ध्याच्या कॉलेजात सोळा वर्षे ऊर्जा हा विषय शिकवणाऱ्या, कॉलनीतल्या भांडणांत ज्याचा शब्द शेवटचा मानतात अशा चोपन्न वर्षांच्या माणसाने, क्षणाचाही उशीर न लावता सांगितले, "नाही. तुमची काहीतरी गफलत होतेय." खोटे बोलायला आधी विचार करावा लागतो म्हणतात, तो विचार त्याला करावा लागला नाही. तो बहुधा फार पूर्वीच करून ठेवलेला होता. मुलगी ओशाळली. "असन सर, माफ करा," म्हणाली आणि मीटरच्या पेटीकडे वळली. एवढ्यावर भागले असते. पण स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता रीता म्हणाली, "अहो, असं काय करता? खैरटोली म्हणजे आपल्या फोटोतलीच ना?"

फोटो समोरच्याच भिंतीवर होता. मुलीने दाराबाहेर बूट काढले आणि ती आत येऊन फोटोपुढे उभी राहिली. निळा शर्ट, कमरेच्या पट्ट्यात पकड, पाना आणि टेस्टर, मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग. फोटोत बांबूला टांगलेला एक बल्ब पेटला होता. त्याखाली खुर्चीवर, प्रफुल तेव्हा ज्या संस्थेत काम करी तिचे म्हातारे प्रमुख भैय्याजी, शेजारी अडतीस वर्षांचा प्रफुल, आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी. सगळे बल्बकडे पाहत होते, म्हातारी तेवढी प्रफुलकडे पाहत होती. "हे आमची आजी, धुरपताबाई," मुलगी म्हणाली. "मी अंकिता. मी बी हाये याच्यात, हे पाहा, आजीच्या लुगड्यामांगं. फक्त पाय दिसून राह्यले." प्रफुलने चष्मा सारखा करून पाहिले. होते, दोन छोटे अनवाणी पाय होते. इतकी वर्षे रोज सकाळी चहा घेताना हा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि ते पाय त्याला कधी दिसले नव्हते. आपण नाही कशाला म्हणालो हे तिने विचारले असते तर बरे झाले असते, पण तिने विचारले नाही. मोठी माणसे विसरतात, असे काहीसे तिच्या चेहऱ्यावर होते. "लाईन बंद करते सर, अर्धा घंटा लागन," एवढेच ती म्हणाली.

पंखा मंदावत गेला आणि थांबला. फ्रिजची घरघर बंद पडल्यावर घरात एकदम जी शांतता आली ती त्याच्या ओळखीची होती. इंजिन बंद पडल्यावर खैरटोलीत अशीच शांतता व्हायची, आणि मग चौतीस घरांतून चौतीस तोंडे त्याच्याकडे वळायची. तो वेताच्या खुर्चीत बसून राहिला. समुद्रपूरहून आत गेले की नाल्यापलीकडे ही टोली. वांगी, मिरची, मेथी काढायची आणि पहाटेच्या एसटीने बाजारात न्यायची, यावर चालणारी चौतीस घरे. नाल्याच्या काठाने करंजाची जुनी झाडे, आणि विजेचे खांब तेवढे नाल्याअलीकडेच थांबलेले. भैय्याजींनी ती झाडे पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की या टोलीने आपली वीज आपल्या झाडावरून उतरवून घ्यावी. संस्थेत त्यांच्या शब्दापुढे कोणाची बोलायची टाप नव्हती, आणि प्रफुलला तर बोलायचेही नव्हते. तो इंजिनिअर होता, त्याला स्वतःला त्या कल्पनेने झपाटले होते. करंजाच्या बिया फोडायच्या, घाण्यावर तेल काढायचे, ते डिझेलच्या जागी इंजिनात घालायचे. कागदावर सगळे सरळ होते. बायकांनी उन्हाळाभर शेंगा वेचल्या. धुरपताबाई सगळ्यांच्या पुढे. सकाळी वांग्याला पाणी देऊन झाले की ती डोक्यावर टोपले घेऊन नाल्याने फिरायची आणि संध्याकाळी अंगणात बसून काठीने शेंगा बडवायची. चार किलो बिया दिल्या तेव्हा एक लिटर तेल. हे गणित त्यानेच तिला शिकवले होते, आणि ती ते पोरींना गाण्यासारखे म्हणून दाखवायची.

"आजी कशी आहे?" त्याने विचारले. पेटीकडून अंकिताचा आवाज आला, "हाये ना. कमरेतून वाकली, पण हाये. अजून करंजाच्या बिया वेचते. यंदा बी एक कणगी भरून ठेवली." बिया गोळा करीत राहा, मी पार्ट घेऊन येतो, हे त्याचे खैरटोलीतले शेवटचे वाक्य होते. हे बोलून तो एसटीत बसला होता आणि एसटी जाम गावच्या चौकात पोचेपर्यंत त्याने पुन्हा न येण्याचे ठरवूनही टाकले होते. म्हणजे म्हातारी सोळा वर्षे वेचतेच आहे. तो गेला, लेक्चरर झाला, फ्लॅट घेतला, दोनदा हिमाचलला जाऊन आला, आणि ती नाल्याकाठी वाकून शेंगा वेचत राहिली. दरवर्षी तो वर्गात हाच फोटो पडद्यावर दाखवत असे. पाठीमागच्या बाकावरचा कोणीतरी विचारी, "सर, हे अजून चालते का?" आणि तो म्हणे, "त्यात पुढे बरेच बदल झाले." हे वाक्य खोटे नव्हते. त्याने आयुष्यभर अशीच वाक्ये जपून वापरली होती.

रीताने चहा आणला. अंकिता जमिनीवर बसणार होती, रीताने हाताला धरून तिला सोफ्यावर बसवले आणि पोळ्या करपतील म्हणून आत गेली. मग अंकिता बशीत चहा ओतून फुंकर घालत बोलू लागली, आणि तिचे एक एक वाक्य त्याला नको होते. "मी नऊ वर्साची होती सर. तो बल्ब लागला ना, मी तवाच ठरवलं, आपून याच कामात जायाचं. आयटीआयला पोरी नव्हत्या, मी एकटी. मास्तर म्हणे, काऊन आली व तू इथं? मी सांगतलं, आमच्या टोलीत तेलवाल्या सरनं झाडाच्या तेलावर बल्ब लावलता." आणि ती हसली. तो हसला नाही. त्याला वाटले, ही शिव्या देती तर सोपे गेले असते. कोणी आपल्या खोट्यावर आयुष्य उभारले आहे हे कळले की माणसाला स्वतःच्या घरात बसायला जागा उरत नाही. त्याने फोटोकडे पाहण्याचे टाळले आणि त्यामुळे फोटोच पाहत राहिला. बल्बच्या मागे, बांबूच्या आडोशाला, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचा कोपरा दिसत होता. कॅनवर कुंकवाची लाल खूण होती. फोटो छापताना तो कोपरा कापून टाका असे त्याने फोटोवाल्याला दोनदा बजावले होते, आणि फोटोवाला विसरला होता.

ते कुंकू धुरपताबाईनेच लावले होते. कार्तिकातली संध्याकाळ, पाहुणे आलेले, तालुक्याचे साहेब आलेले. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय बायका त्याला हात लावू देईनात. तिने इंजिनाला हळद-कुंकू लावले, आणि मग कॅनपुढे बसून, आत जिथवर तेल होते नेमक्या त्या रेषेवर बाहेरून कुंकवाची पाच बोटे ओढली. टोलीतल्या बाया धान्याच्या कणगीवर अशीच बोटे ओढत, पहिल्या भरणीची खूण म्हणून. धान्य त्या खुणेखाली उतरत गेले की घर खातेपिते आहे असे समजायचे. त्याच दुपारी ती त्याला म्हणाली होती, "बाबू, तेल अजून निवळलं नाई. आठ दिस ठेवजो, मंग घालजो." तो हसला होता. "आजी, हे दिव्याचं तेल नाही, इंजिनाचं आहे." पाहुण्यांची तारीख ठरली होती, आणि तारीख काही म्हातारीच्या सोयीने ठरत नाही. इंजिन नेहमीप्रमाणे डिझेलवर सुरू केले. दहा मिनिटांनी त्याने तोटी फिरवून तेल सोडले, आणि इंजिन खोकले. बल्ब लालसर होत गेले, काळा धूर पाहुण्यांच्या तोंडावर आला, साहेबांनी रुमाल काढला. न निवळलेल्या तेलातला चिकटा इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये अडकला होता. त्याने तोटी परत डिझेलवर फिरवली. त्याला पाच सेकंद लागले असतील. बल्ब पुन्हा पांढरे झाले, टाळ्या पडल्या. भैय्याजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान करून विचारले, "आता तेलावर ना रे?" "हो भैय्याजी," तो म्हणाला. तीन तासांनी इंजिन बंद केल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, "किती लागलं?" आणि त्याने तोंडी हिशेब करून सांगितले, "तीन लिटर."

भैय्याजींसाठी केले, असे तो पुढे स्वतःला सांगत असे. म्हाताऱ्या माणसाचे मन कसे मोडायचे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो जे करायला उठला ते भैय्याजींसाठी नव्हते. कॅनमधले तेल कुंकवाच्या बोटांना चिकटून होते, तसूभरही उतरले नव्हते. बायका पूजेचे निर्माल्य उचलायला येतील आणि पाहतील, एवढे एकच त्याच्या डोक्यात होते. कुंकू पुसावे तर ते तिला लगेच दिसेल. म्हणून त्याने तेल उतरवले. डबा भरला, नाल्यावर नेला, ओतला. तीनदा. मोजून तीन लिटर, कारण तो आकडा तो बोलून बसला होता. बारा किलो बिया, म्हणजे चार बायकांचा आठवडाभराचा घाम. तेल ओतताना आवाज होत नाही, हे त्याला तेव्हा कळले. पाण्यावर ते पिवळे पसरत गेले, आणि तो हात मातीने घासून परत आला. हाताचा कडवट वास दिवसभर गेला नाही. पुढे आठ दिवस तेल निवळू दिले असते, चौपदरी कपड्यातून गाळले असते, नोझल साफ केली असती, तर इंजिन चालले असते. हे त्याला महिन्याभरात पुरते समजले होते. पण ते करायचे म्हणजे पहिल्या संध्याकाळी चालले नव्हते हे आधी सांगावे लागले असते. त्यापेक्षा पार्ट बिघडला म्हणणे सोपे होते.

चहाचा शेवटचा घोट संपला तशी अंकिता उठली. आता गेली की सुटलो, असे मनात आले आणि त्याच वेळी त्याच्या तोंडून निघून गेले, "अंकिता, त्या दिवशी बल्ब तेलावर लागला नव्हता. डिझेलवर लागला होता." अंकिताने बशी खाली ठेवली. "ठाऊक हाये ना सर," ती म्हणाली. "साऱ्या टोलीले ठाऊक हाये."

तिने ते इतके सहज सांगितले की त्याला आधी अर्थच लागेना. "आजी पाहाटे वांग्याले पाणी द्याले गेलती. तुमी डबा उपडा करून राह्यले होते, तिनं पाह्यलं. तुमी गेल्यावर पाण्यात उतरली आन हातानं वरचं वरचं तेल गडव्यात गोळा केलं. अर्धा गडवा निंगालं. मंग आठ दिस निवळू देल्लं आन दिवा लावला. लय साफ जळला म्हणे."

"मग कोणी काही बोललं का नाही?"

"काय बोलतीन? आजीनं सांगतलं साऱ्याइले, पाव्हण्या माणसाची चूक पाव्हण्यापुढं काढू नये. पोरगं हुशार हाये, लाजलं हाये, लाज गेली का येईन दुरुस्त कराले." ती पुन्हा हसली. "मंग बिया वेचतच राह्यली. दिव्याले तेल लागेच ना. सात वर्सं मी करंजाच्याच दिव्यापाशी अभ्यास केला. हे मनगटावरचं तेच हाये, तेल सांडलं होतं."

खरे सांगायचे तर त्याला हलके वाटले. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण तिच्याखाली चक्क हलके वाटले. सोळा वर्षे ज्याचे ओझे वागवले ते गावाने केव्हाच उतरवून बाजूला ठेवले होते. आपल्याला माफ केलेले होते आणि आपल्याला पत्ता नव्हता. माणूस असा लबाड असतो, मोठे पाप झाकलेले राहावे म्हणून लहान पाप आधी पुढे काढतो. तेलाचे पाप लहान होते. हे त्याला आतून पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याने ते सांगितले होते.

अंकिता पेटीपाशी गेली, स्क्रू आवळू लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मोठेबाबाची गोष्ट मातर वाईट झाली सर. ज्ञानेश्वर, माह्या बाबाचा मोठा भाऊ. तुमाले आठवते का?" त्याला आठवत होता. ग्रामपंचायतीचा मेंबर, उंच, कान जरा पुढे आलेले. इंजिनाचा पाया त्याने स्वतः खणला होता. "तुमी गेले त्याच्या दुसऱ्या वर्सी खांबाची मोजणी झालती. खुट्या बी ठोकल्या होत्या टोलीत. मंग खांबाचा ट्रक आला आन पलीकडच्या वस्तीत गेला. मोठेबाबा हापिसात गेला त ते म्हणे, तुमची टोली यादीतच नाई. त्यानं येऊन तसंच सांगतलं. कोणाचा इश्वास बसन? खुट्या ठोकलेल्या साऱ्याइनं पाह्यल्या होत्या. लोक म्हणे, ज्ञानेश्वरनं खांब खाल्ले. आजी बी तेच म्हणे. आपल्या पोटच्या पोराले म्हणे. तिनं त्याच्या घरचं पाणी सोडलं, त मंग तो बायको-लेकरं घेऊन जामले गेला. चौकात पंक्चरचं दुकान हाये त्याचं. पंधरा वर्सं झाली, दोघंही बोलत नाई. पोळ्याले येते, नाल्याच्या त्या अंगानं उभा राह्यते, आन पाहून चालला जाते." तिने पाना पट्ट्यात खोचला. "मी नोकरीले लागली तवा पह्यलं हेच शोधलं. जुनी यादी सापडली. आमच्या टोलीपुढं लिवलं हाये, विजेची सोय आधीच झालेली. कोनं लिवून देल्लं तो कागद नाई सापडत. वाळवी लागली म्हणे."

वाळवीने सगळे खाल्ले नव्हते. त्या कागदाची कार्बन प्रत आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, त्याच्या नोकरीच्या फाइलमध्ये होती. एका वस्तीचे संपूर्ण विद्युतीकरण, अर्जातल्या या ओळीचा पुरावा म्हणून त्याने ती मुलाखतीला नेली होती. विजेच्या हापिसातून छापील पत्रक आले होते, वस्तीत वीज आहे काय, होय किंवा नाही. इंजिनावर तेव्हा दोन महिने गोणपाट टाकलेले होते. नाही लिहावे तर भैय्याजींचा प्रयोग फसला असे होते, आणि पुढच्या महिन्यात मुलाखत होती. त्याने 'होय'वर खूण केली, खाली सही केली, जबाबदार तंत्रज्ञ म्हणून हुद्दा लिहिला. एका खुणेने काय होते, असे त्याला वाटले होते. ट्रक वळेल हे त्याला माहीत नव्हते. पण दोन वर्षांनी समुद्रपूरचा एक विद्यार्थी म्हणाला होता की खैरटोलीला खांब गेलेच नाहीत, आणि तेव्हा त्याला कळले होते. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक दिवस असा गेला होता की ज्या दिवशी तो एसटीत बसून जाऊ शकला असता.

अंकिताने मेन स्विच वर केला. पंखा फिरू लागला, फ्रिज घरघरला, आत देवघरातला दिवा लागला. "झालं सर," ती म्हणाली आणि पाठीवरच्या बॅगेतून फॉर्म काढून त्याच्यापुढे धरला. "इथं सही करा. मीटर बसवलं, वीज चालू हाये, म्हणून."

त्याने पेन घेतले. सहीच्या जागेवर टोक टेकवले आणि ते तिथेच राहिले. रीता दाराशी येऊन उभी राहिली, हाताला कणीक लागलेली. त्याने मान वर न करता सांगितले, "ते मी लिहून दिलं होतं. सोय झालेली आहे, म्हणून. सही माझी आहे."

अंकिताने फोटोकडे पाहिले नाही, त्याच्याकडेही पाहिले नाही, ती आपल्या मनगटावरचा डाग अंगठ्याने चोळत राहिली. मघाशी तिच्या आवाजात जे हसू होते ते आता कुठे शोधूनही सापडले नसते. त्याला वाटले, ही निघून जाईल. बूट घालून, जिना उतरून, एक शब्द न बोलता जाईल, आणि मग आपल्याला पुन्हा सगळे कपाटात ठेवता येईल. इतके बोलल्यावरही त्याच्या मनात हे आलेच.

"फॉर्मवर सही करा," ती शेवटी म्हणाली. त्याने केली. तिने फॉर्म घेतला, घडी घालून बॅगेत ठेवला, आणि बॅगेतून एक कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "आता हे याच्यावर लिवा. सारं लिवा. अन तो तुमचा जुना कागद असन त तो बी द्या."

"मी स्वतः येतो," तो म्हणाला. "आजीला सांगतो."

"याचं त याजा. पण आधी लिवा. तुमी यीन यीन म्हणता आन येत नाई." ती उभीच होती. "आन मोठं अक्षर काढा सर. आजीले वाचता येत नाई. मोठेबाबा वाचून दाखवीन तिले, आन त्याले आता जवळचं दिसत नाई."